गाडी एक, सालं तीन : जुन्या पोर्शे केमनच्या खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं आणि २०२५ च्या सप्टेंबरात त्याचे कागद पूर्ण झाले. गाव अमळनेर-धरणगाव पट्ट्यातलं. नाव सांगत नाही, कारण त्या गावात अशी गाडी एकच आहे. मी जळगावात जुन्या गाड्यांचं मूल्यांकन करतो. बँकेसाठी, विम्यासाठी, कधी नुसत्या ओळखीखातर. हाताखालून जातात त्या बहुतेक बोलेरो, पिकअप आणि ट्रॅक्टर. स्पोर्ट्स कारचं काम वर्षातून एखादं आलं तर आलं.

घरात तीन भाऊ आणि स्वतःची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायची गिरणी. थोरला रुई-सरकीचा व्यवहार बघतो, धाकटा पुण्यात नोकरीला, मधला यंत्रं सांभाळतो. त्याला इथे मधलाच म्हणतो. वय अडतीस. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना कोणा बिल्डरच्या मुलाची केमन त्यानं सिग्नलला उभी पाहिली होती, आणि ती डोक्यातून गेली नव्हती. वाटणीत हातात पैसे आले तेव्हा त्यानं अठ्ठावीस लाखांची मर्यादा ठरवली. कर्ज काढायचं नाही, आणि हस्तांतर, विमा, पहिली सर्व्हिस असं सगळं त्यातच बसवायचं.

वडिलांना, म्हणजे नानांना, मोबाइलवर फोटो दाखवला. ते म्हणाले, "हाई गाडी शे का खेळणं शे? इतला पैसामा तीन ट्रॅक्टर येतीन." त्यानंतर तीन महिने त्यांनी विषय काढला नाही. आमच्याकडे याला परवानगी म्हणतात.

वापर कसा होणार हे मी आधी लिहून घेतलं, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा होता. रविवारी पहाटे धुळ्याच्या दिशेनं चौपदरी महामार्गावर तास-दीड तास. दोन-तीन महिन्यांतून एकदा नाशिक किंवा मुंबई. एरवी जिनिंगच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मुक्काम. अधिकृत वर्कशॉप मुंबईला, म्हणजे जवळजवळ चारशे किलोमीटर, मध्ये कसारा घाट. उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर.

अडचण

मधला तीन गाड्यांचे फोटो घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, नवीन सालाची घेऊ का कमी चाललेली?"

गाडी अल्टो असती तर प्रश्न ठीक होता. केमनला तो अपुरा पडतो, कारण या गाडीत २००९ च्या मॉडेलला इंजिनच बदललं. बाहेरून फरक थोडा आहे: मागचे दिवे एलईडी झाले, पुढच्या बंपरची ठेवण बदलली. आत मात्र वेगळं यंत्र आहे. त्याआधीच्या इंजिनात क्रँकशाफ्टकडून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडे गती नेणारा एक मधला दांडा होता, इंटरमीडिएट शाफ्ट, आणि त्याच्या टोकाला एक बेअरिंग. बॉक्स्टर आणि ९११ या पोर्शेच्याच गाड्यांच्या जुन्या मालकांना या बेअरिंगचं नाव काढलं की घाम फुटतो. ते मोडलं तर कॅमची वेळ चुकते, व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात आणि इंजिन संपतं. २००० ते २००५ च्या इंजिनांत हा धोका सर्वांत जास्त होता. पहिली केमन आली तोवर बेअरिंग मोठं केलं गेलं होतं आणि मोडण्याचं प्रमाण बरंच खाली आलं. पण ते बदलायचं तर इंजिनाचे दोन भाग उघडावे लागतात, त्यामुळे खबरदारी म्हणून कोणी बदलत नाही.

२००९ च्या मॉडेलपासूनच्या इंजिनात तो दांडाच काढून टाकला. जे नाही ते मोडणार कसं?

दुसरा मुद्दा सिलिंडरचा, आणि माझ्या मते केमन एससाठी, म्हणजे जास्त ताकदीच्या केमनसाठी, तो बेअरिंगपेक्षा मोठा. जुन्या ३.४ लिटर इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे पडतात. थंड इंजिन रेटणं, जुनं तेल, फार उभी राहिलेली गाडी, यातलं काहीही कारणीभूत होऊ शकतं. तेल जास्त लागतं, गरम झाल्यावर टक-टक आवाज येतो, एका बाजूचा सायलेन्सर दुसरीपेक्षा काळा दिसतो. सुरुवातीला यातलं काहीच जाणवत नाही. भिंत पाहायची तर स्पार्क प्लग काढून आत कॅमेऱ्याची नळी घालावी लागते, म्हणजे बोअरस्कोप. नव्या इंजिनात ब्लॉकची धातू आणि रचना दोन्ही बदलली, आणि ही तक्रार बरीच मागे पडली.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही त्याच वर्षी बदलला. आधी पाच गिअरचा टिपट्रॉनिक, नंतर सात गिअरचा दोन क्लचचा पीडीके.

म्हणून मी मधल्याला सांगितलं की सालं तीन बघायची. एक आरसीवरचं, नोंदणीचं. दुसरं चासी नंबरातलं: सतरा अक्षरांतलं दहावं अक्षर मॉडेलचं साल सांगतं. ७ म्हणजे २००७, ८ म्हणजे २००८, ९ म्हणजे २००९, आणि २०१० ला अंक संपून 'ए' येतो. तिसरं साल कुठेच छापलेलं नसतं. गाडीची शेवटची नीट देखभाल कधी झाली, ते बिलांवरून काढावं लागतं. आयात गाडी शोरूममध्ये वर्षभर पडून राहून मग विकली जाते, त्यामुळे पहिली दोन सालं जुळतीलच असं नाही.

पर्याय

पहिली गाडी मुंबईची. केमन एस, २००७, टिपट्रॉनिक, ३४ हजार किलोमीटर. मागणी साडेएकोणीस लाख. नोंदणीची पंधरा वर्षं २०२२ मध्ये भरली होती आणि मालकानं नूतनीकरण २०२७ पर्यंत करून घेतलं होतं. तिघींत सर्वांत जुनी गाडी, आणि कागद सर्वांत लांबचा!

दुसरी दिल्लीची. "२००९ मॉडेल, केमन एस, २९ हजार किलोमीटर, एका डॉक्टरची", साडेसतरा लाख. विकणाऱ्याची घाई समजण्यासारखी होती. दिल्लीत तेव्हा पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा होती, आणि ही त्या मर्यादेला टेकलेली. मधल्याचा जीव हिच्यात अडकला होता. साल नवं, किलोमीटर कमी, दर कमी.

तिसरी पुण्याची. २०१०, एमएच-१२, ४६ हजार किलोमीटर, पीडीके, मागणी सत्तावीस लाख. ही 'एस' नव्हती. साधी केमन, २.९ लिटर, २६५ अश्वशक्ती. जुन्या 'एस'ची ताकद २९५, नव्या 'एस'ची ३२०. मधल्यानं हा फोटो सर्वांत खाली ठेवला होता आणि मी विचारेपर्यंत त्याबद्दल बोललाही नाही.

नव्या 'एस'ची चौकशी केली. बजेटच्या बरीच वर होती, म्हणून तो विषय तिथेच सोडला.

मी साध्या २.९ च्या बाजूनं होतो, आणि त्यामागे एक बारीक कारण होतं. २००९ नंतरच्या 'एस'मध्ये पेट्रोल थेट सिलिंडरात फवारलं जातं. त्यासाठी उच्च दाबाचा पंप लागतो, व्हॉल्व्हवर काजळी धरते. साध्या २.९ ला जुन्या पद्धतीचं इंजेक्शन आहे. म्हणजे मधला दांडा गेला आणि नवा पंपही आला नाही. वर्कशॉप चारशे किलोमीटर दूर असताना बिघडण्याजोगी एक वस्तू कमी असणं मला जुन्या 'एस'च्या जादा तीस अश्वशक्तींपेक्षा मोलाचं वाटतं. मधल्याला ते पटायला दोन महिने लागले.

काय केलं

दिल्लीची गाडी आधी तपासायला घेतली. विकणाऱ्याला म्हटलं, मागच्या दिव्यांचा आणि काचेतून दिसणाऱ्या चासी नंबराचा फोटो पाठवा. दिवे जुन्या ठेवणीचे निघाले. दहावं अक्षर ८. गाडी २००८ चं मॉडेल, नोंदणी २००९ ची. त्याला खोटारडा म्हणता येत नाही, आरसीवर २००९ च होतं. पण ज्या कारणासाठी आपण २००९ शोधत होतो, ते त्या गाडीत नव्हतं.

मधला तरी सोडेना. "पण दादा, किलोमीटर तर बघा."

मग तिथल्या एका ओळखीच्या तंत्रज्ञाला पाठवून इंजिनाच्या संगणकातले तास काढले. इंजिन किती तास चाललं याची नोंद तिथे असते, आणि मीटर मागे फिरवणाऱ्याचा हात सहसा तिथवर जात नाही. २,३४० तास निघाले. २९ हजार किलोमीटरला २,३४० नं भागा: ताशी साडेबारा किलोमीटर. आमच्याकडे कापसाची बैलगाडी याहून फार मागे राहत नाही. ट्रॅफिक कितीही म्हटला तरी आयुष्यभराची सरासरी इतकी खाली येत नाही. मीटर फिरवलं होतं असं मी लिहून देऊ शकत नाही, पण त्या आकड्यावर पैसे लावायला मी तयार नव्हतो. शिवाय परराज्याची गाडी: ना हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा कर नव्यानं, पुन्हा नोंदणी. दिल्ली तिथेच संपली.

मुंबईची गाडी बघायला आम्ही दोघं गेलो. गाडी देखणी. मालक सज्जन, बिलांची फाइल जाडजूड. मधल्यानं अर्धा तास चालवली आणि उतरला तेव्हा चेहऱ्यावरूनच कळलं की आता माझं ऐकणार नाही. तिथेच त्यानं पन्नास हजार टोकन दिलं. मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो.

आठवड्यानंतर मालकाच्या संमतीनं बोअरस्कोप झाला. वर्कशॉपनं बारा हजार घेतले. पाच सिलिंडर स्वच्छ. सहाव्याच्या भिंतीवर नखानं ओढल्यासारख्या चार उभ्या रेषा. तंत्रज्ञ म्हणाला, अशीच वीस हजार किलोमीटर चालेल, किंवा दोन हजारही नाही. इंजिन उघडून दुरुस्तीचा जो अंदाज त्यानं दिला तो गाडीच्या निम्म्या किमतीच्या पुढे होता. मालकाला हे खरंच माहीत नव्हतं असं मला अजून वाटतं. फाइलमधली बिलं बघितली तर २०१६ ते २०२० तेलबदल नव्हता. गाडी चाललीच नाही म्हणून तेल बदललं नाही, असं त्याचं म्हणणं. तिसरं साल म्हणतो ते हे. टोकनपैकी तीस हजार परत आले, तेही चार फोनांनंतर.

पुण्याच्या गाडीकडे मधला खालच्या मानेनं आला. दहावं अक्षर 'ए'. तास १,६४०, म्हणजे ताशी सरासरी २८, शहरात आणि अधूनमधून महामार्गावर चालणाऱ्या गाडीला शोभेल अशी. सिलिंडर सहाही साफ. टायरवर '१८१६' असा शिक्का, म्हणजे २०१६ च्या अठराव्या आठवड्यात बनलेले. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर आठ वर्षांचं. पीडीकेच्या क्लचचं तेल बदलल्याची नोंद नव्हती. ही दोन कामं दाखवून किंमत साडेपंचवीसवर आणली. गाडी महाराष्ट्रातलीच असल्यानं नंबर तोच राहिला. फॉर्म २९ आणि ३०, जुन्या कर्जाचा बोजा उतरवायला फॉर्म ३५, एवढ्यावर काम झालं. टायर आणि तेल पुण्यातच बदलून घेतलं.

मार्चमध्ये गाडी नाशिक-मालेगाव-धुळे मार्गानं आली. गावात पहिली मागणी झाली, "बोनेट उघडा!" उघडलं तर डिकी. मागचं झाकण उघडलं तर तिथेही डिकी. इंजिन सीटच्या मागे, दोन्ही डिक्यांच्या मध्ये, बाहेरून दिसतच नाही. तेल बघायची पट्टीसुद्धा नाही, पातळी डॅशबोर्डवर वाचायची. नाना खुर्चीवर बसून होते. म्हणाले, "इंजिन काढी लिधं का काय पुणावालास्नी?"

निष्पत्ती

पहिले सहा महिने कुरकूर झाली ती फक्त गतिरोधकांची. बंपरची खालची कड तिसऱ्या दिवशी घासली. आता घरून महामार्गापर्यंतचे अकरा गतिरोधक मधल्याला पाठ आहेत, आणि त्यातले दोन तो शेताच्या रस्त्यानं चुकवतो.

खरा प्रश्न कापसाच्या हंगामानंतर आला. २०२५ च्या मार्चमध्ये एसी थंड करेना आणि चढावर तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागला. केमनचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात, समोर एसीचे कंडेन्सर. जगभर या गाड्यांत तिथे वाळकी पानं साचतात आणि ओल धरून जाळी सडते. आमच्याकडे पानांऐवजी रुई. बंपर काढला तेव्हा दोन्ही कोपऱ्यांत बोटभर जाडीचा गादीसारखा थर होता, पाच महिने जिनिंगच्या आवारात उभं राहून गोळा झालेला. गॅस वाया जाता जाता वाचला, कंडेन्सर शाबूत होते. मधल्यानं स्वतःच्या यंत्रशाळेत बारीक जाळ्या बनवून बसवल्या, आणि हंगामात गाडी घराच्या पडवीत हलवली.

जुलैत डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा इशारा आला. पीडीके म्हटल्यावर माझ्याच पोटात गोळा आला, कारण या गिअरबॉक्सचा आतला एखादा सेन्सर गेला तरी पूर्ण पेटी बदलायचा सल्ला मिळाल्याची उदाहरणं मी वाचलेली. गाडी ट्रकवर चढवून मुंबईला. नऊ दिवसांनी उत्तर आलं: बॅटरी अशक्त. व्होल्टेज पडलं की या गाड्या भलतेच इशारे देतात. आता शेडमध्ये बॅटरी भरती ठेवणारा चार्जर लावलेला असतो, आणि वीज जास्त वेळ गेली की मधला वॉचमनला फोन करतो.

तेल तिला लागत नाही. दोन सर्व्हिसच्या मध्ये पातळी जवळजवळ हलत नाही, आणि माझ्या लेखी पंचवीस लाख खर्चून घेतलेली गोष्ट हीच आहे. 'एस' नसल्याचं दुःख मधल्यानं पहिल्या पावसाळ्यानंतर काढलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

टोकन. तपासणीआधी टोकन द्यायचं नाही, हे मी बोलेरो घेणाऱ्या शेतकऱ्यालाही सांगतो. त्या दिवशी मधल्याचा चेहरा बघून बोललो नाही. वीस हजार त्याचे गेले, पण चूक माझ्या खात्यावर. निदान "तपासणीत दोष निघाला तर पूर्ण परत" एवढी ओळ कागदावर लिहून घ्यायला हवी होती.

पीडीकेवर अडून बसायला नको होतं. जानेवारीत हाताच्या गिअरची एक २.९ कोल्हापूरकडे होती, रंग पिवळा म्हणून आम्ही फोटोही नीट पाहिले नाहीत. वर्कशॉप इतकं दूर असताना साधा क्लच जळगावातला चांगला मिस्त्रीही समजून घेतो. जुलैचे ते नऊ दिवस वाचले असते. मधल्याचं मत उलट आहे. त्याच्या मते सात गिअरची ती पेटी हाच गाडीचा अर्धा आनंद.

गाडी कुठे उभी राहणार हे मी विचारलं होतं, लिहूनही घेतलं होतं, आणि जिनिंगचं आवार व पुढचे रेडिएटर यांची सांगड मात्र मला घालता आली नाही. जळगाव जिल्ह्यात राहून हे सुचू नये याची लाज वाटते.

आणि नोंदणी. पुण्याच्या गाडीची पंधरा वर्षं २०२५ च्या ऑगस्टात भरणार होती. आरसीवर तारीख स्पष्ट होती, मी ती अहवालात लिहिलीही होती. पण १ एप्रिल २०२२ पासून आयात मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क चाळीस हजार झालं आहे, हे किंमत ठरवताना मांडायचं राहिलं. साध्या गाडीचं पाच हजार असतं, तेच डोक्यात होतं. त्यावर हरित कर वेगळा. मुंबईच्या मालकानं हा खर्च आधीच केलेला होता, म्हणजे तुलना करताना त्याच्या बाजूला तेवढे धरायला हवे होते आणि पुण्याच्या किमतीतून तेवढे मागायला हवे होते. टायरवरून आम्ही तासभर घासाघीस केली, आणि यावर एक वाक्य नाही.

सप्टेंबरात नूतनीकरण होऊन आरसी २०३० पर्यंतची आली तेव्हा मी जिनिंगवर गेलो आणि माझ्या फीतले वीस हजार परत ठेवले. मधल्यानं हात मागे घेतला, "दादा, असं काय करता." नानांनी खुर्चीवरून उठून पाकीट उचललं, मोजलं आणि बंडीच्या खिशात टाकलं.